टण् वाजेपर्यंत

अण्णा ऑफिसातला माठ मोजत असत. सकाळी साडेदहाला एकदा आणि संध्याकाळी पावणेसहाला एकदा. लाकडी फूटपट्टी माठात उभी सोडायची, कुठपर्यंत ओली झाली ते बघायचं आणि आकडा वहीत लिहायचा. दिवसभरात कोण किती पेले पाणी प्यायलं, त्याच्या रेघा शिपायाने माठाशेजारच्या भिंतीवर खडूने मारायच्या. सकाळच्या आकड्यातून संध्याकाळचा आणि प्यायलेलं पाणी वजा केलं की उरेल ते हवेत उडून गेलेलं. मे महिन्यात माठातलं पाणी भरपूर उडतं आणि जुलैत जवळजवळ उडतच नाही, हे अण्णांनी चार वर्षांच्या नोंदींवरून सिद्ध केलं होतं.

"हे तर कुणालाही माहीत आहे," असं मी नवा असताना एकदा बोलून गेलो.

"असेल. पण लिहून ठेवलंय का कुणी?" अण्णा म्हणाले.

त्याच पट्टीने ते फायलींचे समास आखत. आमच्या ऑफिसातल्या त्या काळच्या बऱ्याच कागदांचा डाव्या कडेचा भाग फुगलेला आहे, तो त्यामुळे.

हे ऑफिस ठाण्यात, कोर्टाच्या मागच्या बाजूला होतं. पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल जिथे जमिनीखालच्या टाक्यांत साठवतात तिथले परवाने आणि तपासण्या, एवढंच आमचं काम. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मी तिथे कारकून म्हणून लागलो. अण्णा इन्स्पेक्टर होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे दिसत नसे आणि मीही ते इथे लिहीत नाही. सगळे अण्णाच म्हणत. त्यांची बायकोही अण्णाच म्हणे.

टाकीत किती तेल आहे हे बघायला तिच्या तोंडातून एक लांब गज आत सोडतात. त्याला डिप घेणं म्हणतात. पंपवाल्याने रोज सकाळ-संध्याकाळ डिप घेऊन नोंदवहीत लिहायचा, असा नियम. प्रत्येक पंपावर त्यांचा स्वतःचा गज असतो, पण अण्णांचा दुसऱ्यांच्या गजावर विश्वास नव्हता. त्यांचा पितळी गज तीन तुकड्यांचा होता, आटे फिरवून जोडायचा. त्यासाठी त्यांच्या बायकोने, काकूंनी, जुन्या पडद्याची गवसणी शिवून दिली होती. ती खांद्याला अडकवून अण्णा डोंबिवली स्टेशनबाहेर पडले की लोक त्यांना गाण्या-बजावण्यातले समजत. डोंबिवलीत असं समजायला फारसं काही लागत नाही.

"आज कुठे बैठक?" एका धोतर नेसलेल्या गृहस्थांनी त्यांना माझ्यादेखत विचारलं.

"मानपाड्याला," अण्णा म्हणाले.

"वा! कोण आहे साथीला?"

"हा," माझ्याकडे बोट दाखवून अण्णा म्हणाले. त्या गृहस्थांनी मला नमस्कार केला. मी परत केला.

डिप घेण्याची अण्णांची पद्धत ठरलेली होती. शेवटची वीतभर ते गज हातातून सोडून देत. तळावर आपटून टण् असा आवाज आला की मान हलवत आणि गज वर काढत. हळू सोडलेला गज तळाशी साचलेल्या गाळावर टेकतो आणि माप खोटं येतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं. प्रत्येक पंपावरच्या माणसाला त्यांनी हे शिकवलं होतं. कोणी गज अलगद सोडताना दिसला तर ते त्याच्या हातातून घेत. "टण् वाजल्याशिवाय डिप नाही. न वाजलेला डिप म्हणजे अफवा."

नियमांपुढे अण्णांना माणूस दिसत नसे, असं आमचे साहेब म्हणत. साहेबांना माणसं दिसत, विशेषतः मोठी. कल्याणच्या बाजूला एका नव्या पंपाचं उद्घाटन होतं. पुढारी यायचे होते, मांडव होता, सनई होती आणि टाकीच्या झाकणापासून चार पावलांवर पाच वातींची समई होती. अण्णांनी खिशातून टेप काढला. उघडी ज्योत टाकीपासून किती दूर हवी ते त्यांना पाठ होतं. टेपचं एक टोक त्यांनी माझ्या हाती दिलं आणि दुसरं घेऊन ते चालत सुटले. मांडवातून बाहेर, फाटकातून बाहेर, रस्त्यापलीकडे. शेवटी समई रिक्षा स्टँड आणि मुतारी यांच्या मधल्या जागेत ठेवावी लागली. पुढाऱ्यांनी ती तिथे पेटवली. दोन रिक्षावाल्यांनी वाऱ्याला आडोसा धरला. भाषणात पुढारी म्हणाले की ही प्रगतीची ज्योत आहे, आणि भाषण मांडवात असल्यामुळे ती कुठे आहे हे कुणाला दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी लेखी खुलासा मागितला. अण्णांनी एका ओळीचा दिला: "ज्योत सुरक्षित अंतरावर प्रज्वलित करण्यात आली." त्याखाली अंतर लिहिलं होतं.

मानपाड्याचं प्रकरण सुरू झालं ते गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात. एक पन्नाशीची आगरी बाई ऑफिसात आली. लुगडं गुडघ्यापर्यंत, नाकात नथ, हातात दारूची क्वार्टरची बाटली. ती बाटली तिने सरळ अण्णांच्या टेबलावर ठेवली.

"आमचे बावीचा पानी हाय," बाई म्हणाली. "वास घेऊन सांगा."

अण्णांनी बूच काढून वास घेतला. मग बाटली माझ्याकडे दिली. मीही घेतला.

"पेट्रोल," अण्णा म्हणाले.

"मंग? मी गेला महिनाभर काय सांगतंय? पान्यावाल्यांकडं गेले, ते सांगतान पेट्रोलवाल्यांकडं जा. आता तुमी सांगू नका पान्यावाल्यांकडं जा."

साहेब केबिनमधून बाहेर आले होते. ते तेच सांगणार होते. आमची हद्द टाकीच्या भिंतीपर्यंत; त्यापुढे जमीन लागते, तिचं खातं वेगळं, जमिनीतल्या पाण्याचं त्याहून वेगळं. त्यांनी हे सगळं नीट समजावून सांगितलं. बाईने ऐकून घेतलं आणि अण्णांना विचारलं, "हे काय सांगतान?"

"हे सांगतायत की मी उद्या येतो," अण्णा म्हणाले.

बाईचं नाव चांगुणाबाई. मानपाड्याच्या रस्त्याला लागून जुन्या गावाची अकरा घरं होती आणि त्यांच्यात ही एक विहीर. नळ आलेला नव्हता. विहिरीला वास येऊ लागल्यापासून अकरा घरांचं पिण्याचं पाणी रस्त्यापलीकडच्या एका कारखान्याच्या फाटकातून आणावं लागे. चांगुणाबाईंची सून पाचव्या महिन्यात होती आणि डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन ट्रकांच्या मधून दिवसातून चार वेळा तो रस्ता ओलांडत होती. आम्ही गेलो तेव्हा ती समोरून येतच होती. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. ती थांबली नाही, ट्रक थांबला.

विहिरीपासून शंभरेक पावलांवर पेट्रोलपंप होता. पंपाचे मालक, शेठ, आम्हाला बघून खुर्चीतून उठले. "साहेब, वासाचं काय घेऊन बसलात? इथे चारी बाजूंनी केमिकलचे कारखाने. इथल्या पावसालासुद्धा वास येतो."

यात खोटं काही नव्हतं. त्या भागातला नाला आठवड्याचे वार पाळत असल्यासारखा रंग बदलायचा. अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी नोंदवही मागितली.

वही सुंदर होती. पेट्रोल थोडं हवेत उडून जातं म्हणून ठरावीक घट सरकार मान्य करतं. शेठच्या वहीत दर महिन्याला बरोबर तेवढीच घट होती. मेमध्ये तेवढी, जुलैत तेवढी.

"तुमचं पेट्रोल पावसाळ्यात उन्हाळ्याइतकंच उडतं?" अण्णांनी विचारलं.

"उडत असेल, साहेब."

"माझा माठ नाही उडत."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

पाऊस थांबल्यावर अण्णांनी पंप तीन दिवस बंद ठेवायला लावला. टाकीच्या झाकणाला सील लावलं आणि सकाळ-संध्याकाळ स्वतः जाऊन डिप घेतला. विक्री नव्हती, झाकण बंद होतं, तरी पेट्रोल रोज खाली जात होतं. ते कुठे जात होतं हे आता शेठनाही कळलं. परवाना थांबला. दसऱ्यानंतर टाकी रिकामी केली, धुतली, हवा खेळवली आणि क्रेन लावून वर काढली. मातीने माखलेली टाकी कुशीवर लोळवली तेव्हा विहिरीच्या अकराही घरांतली माणसं बघायला आली होती.

भोक एकच होतं. रुपयाएवढं. बाकी टाकी चांगली होती, गंजलेली म्हणावी अशी कुठेच नव्हती. भोकाच्या भोवतालचा पत्रा मात्र कडेने पातळ होत आत गेला होता, जुना पाटा वरवंट्याने मधोमध झिजतो तसा.

अण्णांनी करंगळी त्या भोकात घातली आणि बाहेर काढली. मग टाकीच्या तोंडाकडे बघितलं. ते ज्या नळीतून गज सोडतात ती नळी, आणि हे भोक. टेप काढून त्यांनी दोन्हीकडून मोजलं. बरोबर समोरासमोर होतं.

पंपावरचा सर्वांत जुना माणूस शेजारी उभा होता. टाकी बसवल्यापासून डिप घ्यायचं काम त्याच्याकडे. टाकीत काही दोष निघाला तर आपल्यावर येईल म्हणून तो आधीच बोलू लागला.

"माझ्याकडून काही कमी नाही हां अण्णा. तुम्ही शिकवलंत तसंच. टण् वाजेपर्यंत. वीस वर्षं झाली, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, एक दिवस चुकवला नाही."

"हो," अण्णा म्हणाले.

"आजारी असलो तरी येऊन वाजवलाय."

"हो. चांगलं केलंस."

वीस वर्षं, रोज दोनदा. अण्णांनी तो गुणाकार केला नाही. समोर असलेला आणि त्यांनी न केलेला असा दुसरा गुणाकार मला आठवत नाही.

नवी टाकी तेल कंपनीने बसवून दिली. पंप चालू झाला. गळती थांबली म्हणून सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. विहीर तशीच होती. आत मुरलेलं पेट्रोल झिरपत राहणार, ते महिनोन् महिने पंप लावून उपसत राहिल्याशिवाय जाणार नाही, असं अण्णांचं म्हणणं. शेठ म्हणाले, टाकी माझी होती, विहीर माझी नाही. कंपनी म्हणाली, टाकी बदलली की आमचं संपलं. अण्णांनी पैशासाठी आमच्याच खात्याकडे फाइल पाठवली. ती एका शेऱ्यासह परत आली: "तरतूद नाही." टाकी कशी असावी, कुठे असावी, तिच्याजवळ काय पेटवू नये, याबद्दल सरकारने पानंच्या पानं लिहिली होती. गळली तर काय, याचा कोणी विचार केला नव्हता, कारण नियम पाळले तर ती गळणारच नव्हती.

मग अण्णांनी दुसरी टिपणी लिहिली. ती मीच टाइप केली. गळतीचं कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: "विहित पद्धतीने व निम्नस्वाक्षरीकाराच्या सूचनेनुसार रोज माप घेतल्यामुळे तळ झिजून." आणि शेवटी: "सबब विहीर स्वच्छ करण्याचा खर्च शासनाने सोसावा."

साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"अण्णा, म्हणजे सरकारने भोक पाडलं?"

"सरकारने नाही, मी. सरकारने माप घ्या एवढंच सांगितलं होतं. आपटा मी सांगितलं."

"आणि हे तुम्ही लेखी देताय. सहा महिन्यांवर रिटायरमेंट आली आहे. चौकशी लागेल, पेन्शन अडकेल. ते जाऊ द्या, तुमचं तुम्ही बघाल. पण याच्यातून विहीर साफ होते का? सांगा मला. चौकशी दहा वर्षं चालेल."

अण्णांनी टिपणीचा कागद सरळ केला.

साहेबांनी आवाज खाली आणला. मोठ्या माणसांशी वागून वागून त्यांना वाटा माहीत झाल्या होत्या, हे मला मान्य करायला हवं. "कारणात 'गंज' लिहा. एक शब्द. गंज नैसर्गिक असतो. नैसर्गिक कारणाने पिण्याची विहीर निकामी झाली की वाडी पाणीटंचाईत बसते. टंचाईत पैसा आहे. पंप मिळेल, टँकर मिळेल. मी बसवतो. महिन्याभरात काम सुरू."

"गंज नव्हता," अण्णा म्हणाले.

"मला माहीत आहे."

"पत्रा चांगला होता."

"अण्णा, विहीर हवीय की पत्रा?"

फाइल अण्णांच्या टेबलावर आठ दिवस पडून होती. अण्णांच्या टेबलावर फाइल एक दिवस राहिल्याचंही कुणी बघितलं नव्हतं. नवव्या दिवशी चांगुणाबाई आल्या. या वेळी बाटली नव्हती.

"कवा उपसताव, अण्णा? सून परवा रस्त्यान पडली. हंडा चेपला. पोर वाचला, देवाची किरपा. पन आता ती भीतंय."

अण्णांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. तो येईपर्यंत त्यांनी फाइल उघडली, आपली ओळ पट्टीने सरळ खोडली आणि वर एक शब्द लिहिला. त्यांचं अक्षर मोठं होतं. हा शब्द बारीक आला.

साहेबांनी शब्द पाळला. डिसेंबरात विहिरीच्या कडेला 'टंचाईग्रस्त वाडी' असा फलक लागला. विहीर तेव्हा काठावरून हात बुडेल इतकी भरलेली होती. शेजारी टँकर उभा राहू लागला आणि दुसऱ्या बाजूने पंप लावून विहीर उपसली जाऊ लागली. पाणी नाल्यात जाई. नाल्याने तक्रार केली नाही. साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांना हार घालण्यात आला. अण्णा मागे उभे होते. चांगुणाबाईंनी दुसरा हार आणला होता, तो त्यांनी घालून घेतला नाही. "फलकाला घाला," म्हणाले.

नोकरीच्या उरलेल्या महिन्यांत अण्णांनी जिल्ह्यातल्या दिसेल त्या पंपावर जाऊन दोन गोष्टी सांगितल्या. टाकी उघडाल तेव्हा नळीखाली तळाला एक जाड पत्रा जोडून घ्या, आणि तोपर्यंत गज हळू सोडा. लेखी काही दिलं नाही. जन्मभर टण् ऐकवणारा माणूस आता हळू सोडा म्हणतो म्हटल्यावर लोक कारण विचारत. "गंज," अण्णा सांगत. निरोप समारंभात साहेबांनी भाषणात सांगितलं की अण्णांच्या कारकिर्दीत एक थेंब सांडला नाही. अण्णांनी आभार मानले नाहीत. ते समारंभ संपायच्या आधी घरी गेले.

पुढे माझी बदली झाली. पाच-सहा वर्षांनी डोंबिवलीत एका रविवारी सकाळी ते भाजी मार्केटाजवळ दिसले. खांद्याला काही नव्हतं. "मानपाड्याला निघालोय," म्हणाले. "चल. वेळ असेल तर." रिक्षात बसल्यावर कळलं की ते दर रविवारी जातात.

मानपाडा बदललं होतं. चार मजल्यांच्या इमारती रस्त्यापर्यंत आल्या होत्या. अकरा घरं मात्र होती, आणि विहीर होती. टंचाईचा फलक नव्हता. अण्णा सरळ विहिरीकडे गेले. चांगुणाबाईंनी मला पडवीत बसवलं आणि पाणी दिलं. त्यांची पाच-सहा वर्षांची नात दारात उभी राहून मला बघत होती. मी पाणी प्यायलो. गोड होतं.

"नलाचा नाय हां," चांगुणाबाई म्हणाल्या. "नल आलाय, पन पियाला आमी बावीचाच घेतो."

"वास?"

"कवाच गेला. तीन वर्सा झाली. सगली पितान, पोरा पितान." त्यांनी विहिरीकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. "यांना वास येतो पन. दर रविवारी येतान, वास घेतान, सांगतान अजून हाय. मंग धा-वीस पोहरं उपसतान, केलीला घालतान आन् घरी जातान. मी काय नाय बोलत. तू पन बोलू नको."

मी विहिरीपाशी गेलो. अण्णांनी पोहरा वर ओढला होता. ओंजळीत पाणी घेऊन, डोळे मिटून, ते बराच वेळ वास घेत राहिले. मग ओंजळ माझ्यापुढे धरली.

"बघ."

मी वाकून वास घेतला. शेवाळाचा होता, ओल्या दोराचा होता. बाकी काही नव्हतं. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. बोटांमधून पाणी गळत होतं.

"येतो ना?"

"येतो," मी म्हणालो. "थोडासा."

"तेच म्हणतो मी," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "या लोकांना सवय झालीय, त्यांना कळत नाही. अजून उपसायला हवी."

चांगुणाबाईंनी आतून दुसरा दोर आणि दुसरा पोहरा आणून माझ्या हातात दिला. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. साडेबारा वाजेपर्यंत आम्ही दोघं स्वच्छ पाणी उपसत होतो.